मामांचा झोर्की कॅमेरा आणि वाडीवरचा बांध

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

दोन वर्षांपूर्वी टोकावड्याला मामांच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. आम्हाला वाटलं जुनी भांडी असतील. आत चामड्याच्या कव्हरात एक जड कॅमेरा होता आणि बटर पेपरात गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मुरबाड तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. आता ते नाहीत. पण प्रत्येक पुडक्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने वाडीचं नाव, महिना आणि साल लिहिलेलं होतं.

त्यातल्या ‘मे 1974’ च्या एका पट्टीवर एक म्हातारा ठाकर बांधावर उभा आहे. मागे कुडाचं घर, आंब्याचं झाड आणि त्याच्याही मागे सह्याद्रीची भिंत. मी प्रिंट काढून ती वाडीवर नेली. आज पन्नाशी ओलांडलेल्या नातवाने ती हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, “हा आमचा आजा? मी त्याला कधी बघितलाच नव्हता.”

घरात आजोबाचा एकही फोटो नव्हता. आपल्या भागात अशी किती घरं असतील? आणि तरी 1974 साली एका मास्तराच्या हातात हा कॅमेरा आला कसा? ते शोधताना जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी कॅमेरा कुणाचा होता?

फोटोग्राफी आपल्याकडे उशिरा आली असं नाही. 1854 साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे लाकडी खोकं, तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा. तो माणसाकडे जात नसे, माणसाला त्याच्यासमोर आणून उभं करावं लागे. 1860 च्या दशकात विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्यात माणसं जातीचे नमुने म्हणून उभी आहेत आणि मागचे देखावे पुष्कळदा दुसरीकडचे आणून जोडलेले आहेत. माणूस एका जागचा, जमीन दुसऱ्या जागची.

हे बदललं ते जर्मनीतल्या एका कारागिरामुळे. ऑस्कर बार्नाक हा वेट्झलर गावात लाइट्झच्या कारखान्यात होता. त्याला भटकंतीची हौस आणि जोडीला दम्याचा त्रास. जड कॅमेरा वाहणं जमेना. म्हणून त्याने सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. 1925 साली तो ‘लाइका’ नावाने बाजारात आला. 1930 साली त्याला आट्यांची लेन्स आली, म्हणजे बाटलीच्या झाकणासारखी फिरवून काढायची आणि दुसरी बसवायची. आट्यांचा व्यास 39 मिलिमीटर. 1932 च्या मॉडेलात लेन्सला जोडलेला अंतरमापक आला, ज्याला रेंजफाइंडर म्हणतात. खिडकीतून बघितलं की समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवत त्या एकमेकींवर आणल्या की फोकस लागला.

याने फरक काय पडला? फोटोग्राफर माणसांत मिसळू शकला. 30 जानेवारी 1948 ला हेन्री कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत होता, गांधीजींना भेटून निघाला होता. त्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर नेहरू लोकांना बातमी सांगताहेत, तो फोटो याच जातीच्या छोट्या कॅमेऱ्यातला.

आता त्याच दशकातलं आपलं बघा. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी 2 जानेवारीला आपण तिथे जमतो. पण त्या पहाटेचा एकही फोटो माझ्या पाहण्यात नाही. जगात रस्त्यावरची लढाई टिपणारा कॅमेरा तेव्हा होता, आपल्या डोंगरात तो कुणाच्या हातात नव्हता. आपल्याकडे फोटो म्हणजे मुरबाडचा स्टुडिओ, नाहीतर म्हशाच्या जत्रेतला रंगवलेला पडदा. तिथेही मागे ताजमहाल, आपली जमीन नाहीच.

मास्तरांपर्यंत तो कसा पोचला?

लाइका महाग होता, युरोपातल्या सामान्य माणसालाही परवडत नसे. म्हणून त्याच्या नकला झाल्या. सोव्हिएत युनियनमध्ये खारकिव्ह इथे बेवारस मुलांसाठी एक वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ मकारेंको तिथे होते. त्या मुलांच्या हातून 1934 पासून ‘फेड’ नावाचा कॅमेरा बनू लागला, लाइकाची थेट नक्कल. हे नाव मात्र गुप्त पोलिसांचा प्रमुख फेलिक्स एदमुन्दोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून दिलेलं. त्याच वर्षी जपानमध्ये ‘क्वानोन’ नावाचा नमुना कॅमेरा बनला. क्वानोन म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. आपल्या कान्हेरीच्या लेण्यात ज्याची अकरा डोक्यांची मूर्ती आहे, तोच. पुढे त्या नावाचं ‘कॅनन’ झालं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरला, जर्मन पेटंटांचा धाक संपला आणि अशा कॅमेऱ्यांचं पीक आलं. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात 1948 पासून ‘झोर्की’ बनू लागला. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. मामांचा कॅमेरा त्यातला ‘झोर्की-4’. हे मॉडेल 1956 ते 1973 पर्यंत निघालं, सुमारे 17 लाख नग. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात. मामांच्या कॅमेऱ्यावर ते 70 आहेत.

आपल्या देशात तेव्हा परकीय चलनाची टंचाई होती आणि परदेशी कॅमेरा आणणं सोपं नव्हतं. पण 1953 च्या करारानंतर सोव्हिएत रशियाशी व्यापार रुपयांत चालायचा. रोलचं म्हणाल तर उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्यांची ‘इंदू’ फिल्म मिळायची. मामांनी झोर्की मुंबईत जुना घेतला, दोन पगार घालून, असं मामी सांगते. “घरात पंखा नाही आणि ह्यांना कॅमेरा!” हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकवलं.

घ्यायचा आणि वापरायचा असेल तर

कॅमेरा दाखवल्यापासून चार-पाच पोरांनी विचारलं, म्हणून सांगतो.

पहिलं, सोनेरी मुलामा दिलेला, स्वस्तिक कोरलेला ‘लाइका’ कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा. बहुतेक वेळा तो फेड किंवा झोर्की असतो, वरची अक्षरं बदललेली. लेन्स काढून आत वरच्या बाजूला बघा. अंतरमापकाला ढकलणाऱ्या दांडीच्या टोकाला लाइकात गोल चाक असतं, रशियन कॅमेऱ्यात ते टोक पाचरीसारखं असतं. आणि रशियन आहे म्हणून वाईट नाही, लाइका म्हणून पैसे देऊ नका, एवढंच.

दुसरं, मागचं झाकण आणि लेन्स काढून शटरचा कापडी पडदा उजेडात धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर फोटोवर पांढरे ठिपके येणार. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडचा पावसाळा बघता कॅमेरा चामड्याच्या कव्हरात ठेवूच नका, घट्ट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

तिसरं, अंतरमापक तपासा. लेन्स अनंतावर नेऊन लांबचं टोक बघा. मी वैशाखऱ्याच्या रस्त्यावरून नानाचा अंगठा बघतो. दोन अंगठे दिसले तर दुरुस्ती हवी, एकच दिसला तर कॅमेरा ठीक.

चौथं, झोर्कीत आधी रोल पुढे सरकवायचा आणि मगच शटरचा वेग बदलायचा. उलट केलं तर आतली यंत्रणा मोडू शकते. मी पहिल्याच दिवशी उलट केलं आणि मुंबईच्या एका कारागिराने माझी शाळा घेतली.

पाचवं, लेन्सचं झाकण काढा! या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. झाकण लावलेलं असलं तरी सगळं छान दिसतं. माझा पहिला रोल असाच पूर्ण कोरा गेला. आणि झाकण काढून कॅमेरा उन्हात सूर्याकडे तोंड करून ठेवू नका, पडदा जळतो.

लाइटमीटर नसला तरी चालतं. 100 चा रोल, कडक ऊन, तर ॲपर्चर 16 आणि वेग 125. मोकळ्या सावलीत ॲपर्चर 5.6. मामा हेच करत असणार.

हे सगळं आत्ता का सांगतोय?

कारण बांध. त्या कुटुंबाचा वनहक्काचा दावा अजून चालू आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणे आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. नियमांत पुरावा म्हणून घर, जमिनीची केलेली सपाटी, बांध, विहीर, दफनभूमी, देवाची जागा, वडीलधाऱ्यांचे जबाब हे सगळं धरलेलं आहे. 1974 च्या फोटोत बांध आहे, घर आहे, माणूस आहे आणि मागे ओळखू येणारा डोंगर आहे. फोटो म्हणजे सातबारा नव्हे, हे मलाही कळतं. पण म्हाताऱ्यांचे जबाब आणि जागेवरचा बांध यांच्या सोबत त्याची प्रत आता फाइलला लागली आहे. निगेटिव्ह मी जपून ठेवली आहे. पुडक्यावर वाडीचं नाव आणि साल नसतं, तर तो नुसता एका म्हाताऱ्याचा फोटो राहिला असता.

दुसरं कारण आपली काळू. धरणाचं काम 2011 साली सुरू झालं, 2012 साली उच्च न्यायालयाने ते थांबवलं, आणि धरणाचा विषय पुन्हा पुन्हा वर येतोय. धरण हवं की नको यावर आपल्यात मतभेद आहेत, त्यावर वेगळं लिहीन. पण तानसा, वैतरणा, भातसा, बारवी या सगळ्यांचं पाणी आपल्याच शहापूर-मुरबाडकडून जातं. त्या पाण्याखाली गेलेल्या घरांचे किती फोटो आपल्याकडे आहेत? धरणाच्या भिंतीचे फोटो मिळतात. चुलीचे, ओट्याचे, वेशीवरच्या वीराचे मिळत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. आहे. पण तीन वर्षांपूर्वीच्या मोबाइलमधले फोटो दाखवा बरं. मोबाइल फुटला, मेमरी भरली, गेलं. मामांची पट्टी पन्नास वर्षं माळ्यावर उंदरांच्या शेजारी राहिली आणि तरी प्रिंट निघाली.

सगळ्यांनी जुना कॅमेरा घ्यावा असं मी म्हणत नाही. रोल महाग आहे, धुवायला मुंबईला पाठवावा लागतो. मोबाइलवरच काढा. पण घर, बांध, विहीर, देव, म्हातारी माणसं काढा, मागचा डोंगर फोटोत येऊ द्या, प्रिंट घ्या आणि पाठीमागे पेन्सिलीने जागा, तारीख, नाव लिहा.

आणि एक विनंती. तालुक्यातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याने दुकान बदलताना पोतंभर निगेटिव्ह जाळल्या, मी पोचलो तेव्हा राख होती. तुमच्या माळ्यावर, पेटीत, स्टुडिओत जुन्या पट्ट्या असतील तर टाकू नका. मला कळवा, मी येऊन बघतो. पट्टी तुमचीच राहील, मी फक्त प्रत काढून देईन.

त्या नातवाने प्रिंट आता घरात लावली आहे. परवा गेलो तर त्याची नात खालून विचारत होती, “हा कोण?” या वेळी सांगायला घरात माणूस होता.