रायगड किनाऱ्यावरील चांदीची भोजनपात्रे : संग्रह, मोड आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

जुन्या चांदीच्या काट्या-चमच्यांचा व ताट-वाट्यांचा संग्रह हा श्रीमंतांचा छंद मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक भोजनपात्र ही दैनंदिन जीवनाची साक्ष असते आणि चांदीच्या पात्रावर ती साक्ष अक्षरांत कोरलेली असते. प्रस्तुत लेखात पूर्वीच्या कुलाबा व 1981 पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीच्या संदर्भात या पात्रांचा एक साधन म्हणून विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

चांदी आली कोठून?

कोकणात चांदीची खाण नाही. येथील चांदी समुद्रमार्गे आली व बहुतांशी नाण्यांच्या रूपाने आली. इराणच्या आखातातून आलेली, वाकवलेल्या तारेच्या आकाराची ‘लारी’ कोकणच्या बंदरांत चालत होती आणि तिच्या नमुन्यावर आदिलशाहीनेही नाणी पाडली. पुढे आंग्रे यांच्या सत्तेत ‘अलिबागी रुपया’ निघाला. 1840 मध्ये आंग्रे यांचे संस्थान खालसा झाले. त्याआधी 1835 मध्येच कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवून दिला होता. त्याचे वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा (सुमारे 11.66 ग्रॅम) असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती.

नाणे आणि तोळा यांचे हे ऐक्य भांड्यांच्या इतिहासात महत्त्वाचे ठरते. वाटी करवून घ्यायची तर सोनारापुढे रुपये मोजून ठेवावेत, त्याने ते आटवावेत व घडणावळ वेगळी घ्यावी, हा व्यवहार कोणालाही समजण्याजोगा होता. उलट गरज पडली की वाटी मोडून रोकड करता येई. ‘मोड’ हा शब्द सोनाराच्या दुकानात आजही याच अर्थाने वापरला जातो. चांदीचे भांडे हे घरातले भांडेही होते आणि गंगाजळीही. त्यामुळे दुष्काळ, लग्न, कर्ज वा वाटणी यांपैकी काहीही उद्भवले तरी पहिला बळी याच भांड्यांचा जात असे. जुनी पितळी घागर टिकते, कारण तिला मोडीत फारसे मोल येत नाही. चांदीचा पेला मात्र त्याच्या किमतीमुळेच नाहीसा होतो.

ताट-वाटी आणि काटा-चमचा

किनाऱ्यावरील आहारात आमसूल, चिंच, ताक यांचा आंबटपणा भरपूर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लागते. चांदीला ती लागत नाही. शिवाय सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेत चांदी शुद्ध मानलेली. त्यामुळे सधन घरांत ताट, वाटी, पेला, तांब्या-भांडे, पळी-पंचपात्र, पानदान, अत्तरदाणी यांना स्थान मिळाले. जेवण मात्र हातानेच. ओगराळे, डाव, पळी ही सारी वाढण्याची साधने. खाण्यासाठीच्या साधनाला मराठीने फारसीतून आलेला ‘चमचा’ स्वीकारला. चौल-रेवदंड्यास पोर्तुगीज 1740 पर्यंत, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ होते. गोव्याच्या कोकणीत चमच्याला ‘कुलेर’ हा पोर्तुगीज शब्द रुळला. मराठीत तो रुजला नाही. पगार आणि बटाटा पोर्तुगीजांकडून घेणाऱ्या भाषेने त्यांचा चमचा घेऊ नये, यावरून त्यांच्या मेजाचा येथील पंगतीवर किती थोडा परिणाम झाला याची कल्पना येते.

मेजावरचा काटा-चमचा येथे रुजला तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून व संस्थानिकांच्या मेजवान्यांतून. जंजिऱ्याचे नवाब सिदी अहमदखान व नाझली बेगम यांनी 1908 मध्ये युरोपचा प्रवास केला आणि बेगमसाहेबांचे प्रवासवर्णनही प्रसिद्ध झाले. अशा घराण्यांना पाश्चात्त्य मेज अपरिचित नव्हते. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि मद्रासची पी. ऑर या पेढ्या तसेच पुण्याच्या कॅम्पातील व कच्छ-भुजचे कारागीर अशा मेजासाठी चांदीकाम करीत. देठाचा शेवट सारंगीसारखा रुंद होणारा ‘फिडल’ नमुना त्या काळी विशेष लोकप्रिय होता.

बेने इस्रायली समाजाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेण या परिसरातील या मराठीभाषक समाजात शब्बाथच्या रात्री आशीर्वादाचा पेला हातात धरला जातो. ऐपत असेल तेथे तो चांदीचा. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. स्थलांतरात नेण्याजोगी वस्तू लहान, टिकाऊ आणि अर्थपूर्ण असावी लागते. पेला या तिन्ही कसोट्यांना उतरतो.

खुणा कशा वाचाव्यात?

इंग्लंडमध्ये घडलेल्या चमच्याच्या देठामागे चालता सिंह, तपासणी कचेरीची खूण (लंडनचा चित्त्याचा मुखवटा, बर्मिंगहॅमचा नांगर) व वर्ष दर्शविणारे अक्षर असते. 1784 ते 1890 या काळात कर भरल्याची राजमुद्राही आढळते. त्यावरून वस्तूचे वर्षही निश्चित करता येते. हिंदुस्थानात अशी सरकारी तपासणी नव्हती; येथे बहुधा कारागिराची वा पेढीची खूण तेवढी मिळते. रुपये आटवून केलेल्या भांड्याचा कस इंग्रजी 92.5 टक्क्यांहून किंचित कमी, 91.6 टक्क्यांच्या आसपास येतो. 1940 पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि हा हिशेबच मोडला.

मुलाम्याच्या वस्तूंविषयी सावधगिरी हवी. विजेच्या साहाय्याने चांदी चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट एल्किंग्टन यांनी 1840 मध्येच घेतले. ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरे असलेल्या चमच्याच्या आत ‘जर्मन सिल्व्हर’ असते. त्यात तांबे, निकेल व जस्त असून चांदी नावालाही नसते. (आपल्याकडे ‘जर्मनचे भांडे’ म्हणजे ॲल्युमिनियमचे, हा घोळ आणखी वेगळा.)

परंतु सर्वांत मोलाची खूण घरगुती असते. आहेराच्या भांड्यावर ठोकून घातलेले नाव, गाव आणि कधी शके वा सन. कोणी कोणाला, कोणत्या प्रसंगी दिले, याची ही नोंद दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळत नाही. सोनार ती अक्षरे मोजत नाही, तो वजन पाहतो. व्यापाऱ्यालाही परके नाव अडचणीचे वाटते आणि ते घासून काढले जाते. खाऱ्या, दमट हवेत काळवंडलेली चांदी राखेने व रांगोळीने वर्षानुवर्षे घासण्याची आपली पद्धतही खुणा झिजविते. काळा थर पुन्हा काढता येतो. झिजलेले अक्षर मात्र परत येत नाही.

भाववाढ आणि संग्रह

जानेवारी 1980 मध्ये जागतिक बाजारात चांदीचा भाव औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेला, तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतील कितीतरी जुनी भोजनपात्रे भट्टीत गेली. 2025 मध्ये भारतात किलोचा भाव दीड लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर तोच धोका येथील फडताळांपर्यंत पोहोचला आहे. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून चांदीसाठी ऐच्छिक स्वरूपात सांकेतिक क्रमांकाचे हॉलमार्किंग सुरू झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. मात्र जुने भांडे देऊन नवे प्रमाणित भांडे घेण्याचा मोह त्याने वाढेल, हेही उघड आहे.

1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते, तिच्या व्यापारास परवाना लागतो व ती खाजगीरीत्या परदेशी पाठविता येत नाही. पण मालकाने ती आटवू नये, यासाठी आटवणीच्या वेळी सोनाराच्या दुकानात कोणी पाहणारा नसतो. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी यांसारख्या घरगुती वस्तू वेचून संग्रहालय उभे केले, ते कायद्याच्या बळावर नव्हे, तर दारोदार हिंडून. अलिबाग, मुरूड, पेण येथील महाविद्यालयांना एवढा संग्रह करणे परवडणार नाही. परंतु वस्तू घरातच ठेवून तिचे वजन, माप, छायाचित्र आणि अक्षरांचा ठसा घेणे इतिहास विभागाच्या विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. दिवाळीत व लग्नसराईत ही भांडी बाहेर निघतात, तेव्हाच ही नोंद सुरू करता येईल. आणि मोडीसाठी आलेले भांडे आटविण्यापूर्वी एक दिवस थांबण्याची विनंती गावच्या सोनारालाही करता येईल.