सूर्यासमोरचे पंख

सूर्य पाठीशी ठेवावा, हा छायाचित्रणाचा पहिला धडा. पक्ष्याची ओळख पटवायची असेल तर तो योग्यही आहे. डोळे, चोच, पिसांचे रंग स्वच्छ उमटतात. मात्र कललेला सूर्य समोर घेऊन उडत्या पक्ष्याचे छायाचित्र टिपले, तर रंगांऐवजी आकार आणि प्रकाश हेच चित्राचे विषय होतात. कोणता पक्षी निवडला, यावर यातले निम्मे यश अवलंबून असते.

पुण्यापासून सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटरवर, भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यातील पहाटे हा फरक स्पष्ट दिसतो. बगळे, सुरय यांची फिकट पिसे प्रकाश आरपार जाऊ देतात. त्यांचे पंख आकाशकंदिलाच्या कागदासारखे उजळतात, आणि पिसे एकमेकांवर आलेल्या जागी गडद पट्टे उमटतात. रोहित पक्ष्याचे तसे नाही. त्याच्या पंखांचा पुढील भाग गुलाबी असला, तरी उड्डाणपिसे काळी असतात. ती प्रकाश अडवतात. त्याची खरी शोभा छायाकृतीत. पुढे ताणलेली मान, मागे ताणलेले पाय आणि मध्ये पंख, एवढ्यावर पक्षी ओळखू येतो. मात्र पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असावे लागतात. आडव्या पंखांची बाजूने नुसती रेघ दिसते, आणि दोन पक्षी एकमेकांवर आले की काळा गोळा होतो.

छायाकृतीसाठी उजळ आकाशावरून एक्स्पोजर ठरवावे. पंखांची कड उजळवायची असेल, तर मागे सावलीतील झाडी हवी. गडद पार्श्वभूमी पाहून कॅमेरा चित्र अधिक उजळ करतो, म्हणून एक ते दीड स्टॉप कमी करावा. पक्षी उडताना मागचे दृश्य सतत बदलते. त्यामुळे सर्व मोजमाप हाताने ठरविलेले बरे. शटर १/१६०० सेकंदाच्या आसपास ठेवावे. लेन्सवर हूड असावे आणि संरक्षक फिल्टर काढून टाकावा, अन्यथा चित्रात प्रकाशाचे ठिपके येतात.

प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः टेलिफोटो लेन्सने, थेट सूर्याकडे कधीही पाहू नये. दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. सूर्य चौकटीच्या बाहेर किंवा पक्ष्यांमागे धुक्यात हरवलेला असेल, असाच कोन शोधावा.

आणखी एक मोह टाळायला हवा. थवा उडावा म्हणून नाव थेट त्यात घुसविली जाते. चरण्यात गुंतलेल्या पक्ष्यांची शक्ती त्यात वाया जातेच, शिवाय हुसकावलेले पक्षी कॅमेऱ्याकडे पाठ करून उडतात. म्हणजे छायाचित्रकाराचाही तोटाच. पक्षी साधारणतः वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झेप घेतात. वारा कुठून वाहतो हे पाहून नाव दूर थांबविली आणि वाट पाहिली, तर बाजूने जाणारे पंख हाती लागतात. या प्रकाशाला वेळ मात्र थोडाच असतो. सूर्योदयानंतर तासाभरात ऊन वर चढते, आणि मग नेहमीसारखा सूर्य पाठीशी घेऊन बसणेच सोयीचे.