ओपन पोअर्स खरंच बंद होतात का? जाणून घ्या कारणे आणि उपाय

'सात दिवसांत ओपन पोअर्स गायब' असे सांगणारे रील्स सोशल मीडियावर भरपूर दिसतात. ते पाहून कुणी चेहऱ्यावर लिंबू चोळतं, तर कुणी बर्फ. पण मुळात पोअर्स म्हणजे काय, हे समजलं तर असे बरेच प्रयोग आपोआप टळतात.

पोअर्स म्हणजे काय?
पोअर्स म्हणजे त्वचेवरची सूक्ष्म रंध्रे. केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून सीबम नावाचं तेल या रंध्रांवाटे बाहेर येतं आणि त्वचा मऊ ठेवतं. रंध्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती दारासारखी उघडत किंवा मिटत नाहीत. वाफेने आतला मळ सैल होतो आणि बर्फाने त्वचा थोडा वेळ आक्रसते, इतकंच. रंध्रे कायमची बंद करता येत नाहीत, मात्र ती कमी ठळक दिसतील असे उपाय नक्कीच आहेत.

ती मोठी का दिसतात?
- त्वचा तेलकट असणे
- रंध्रात तेल आणि मृत पेशी साचणे
- वय आणि ऊन यांमुळे कोलॅजन कमी होऊन त्वचा सैल पडणे
- आनुवंशिकता

नाकावरचे बारीक राखाडी ठिपके हा बहुतेकदा रोगही नसतो आणि घाणही नसते. ते दाबून काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात. नखांनी दाबल्यास मात्र डाग राहू शकतात.

घरी काय करावे?
- सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच चेहरा धुवावा. जास्त धुतल्याने त्वचा कोरडी पडते आणि तिची जळजळ होते.
- सॅलिसिलिक अ‍ॅसिड (0.5 ते 2 टक्के) तेलात विरघळून रंध्रातला साचा सैल करतं. सुरुवात आठवड्यातून दोन-तीनदा करावी.
- त्वचारोगतज्ज्ञ रात्री लावण्यासाठी अ‍ॅडापलीनसारखं रेटिनॉइड देऊ शकतात. गरोदरपणात ते वापरू नये.
- मॉइश्चरायझर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं घ्यावं.
- सकाळी एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन लावावं.

फरक दिसायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. दर आठवड्याला नवं प्रॉडक्ट बदलणाऱ्यांना म्हणूनच कशाचाच गुण येत नाही.

काय टाळावे?
लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी असतो. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनीही त्वचेचं संरक्षक आवरण बिघडतं.

सर्वांत मोठा धोका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या 'उजळ करणाऱ्या' क्रीमचा. अशा अनेक क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा नितळ दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, लाली येते, मुरुमं वाढतात आणि क्रीम सोडल्यावर चेहऱ्याची आग होते. असं क्रीम बरेच दिवस वापरलं असेल तर ते कसं थांबवायचं, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावं.

डॉक्टरांकडे कधी जावे?
मुरुमांचे खड्डे, सतत लाली किंवा वेदना असल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. केमिकल पील, मायक्रोनीडलिंग आणि लेझर हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र सावळ्या त्वचेवर या उपचारांनंतर काळे डाग पडण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे ते पार्लरमध्ये नव्हे, तर त्वचारोगतज्ज्ञांकडेच करावेत.

आणि एक लक्षात ठेवावं: रील्समधला चेहरा बहुतेकदा फिल्टरमधून आलेला असतो. रंध्रे नसलेली त्वचा कुणाचीच नसते.