प्रवासातले फोटो आणि त्यांवरच्या गप्पा

प्रवासात फोटो काढायचे, परत आल्यावर ते समछंदी मंडळींपुढे मांडायचे आणि त्यांवर तासन्‌तास बोलत बसायचे, ही सवय आपल्याला मोबाइलने लावली असा एक समज आहे. भारतात ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. मुंबईत हौशी छायाचित्रकारांची संस्था ऑक्टोबर 1854 मध्ये निघाली. 1856 मध्ये कलकत्ता आणि मद्रास इथेही तशाच संस्था उभ्या राहिल्या. या संस्थांचे सदस्य म्हणजे लष्करी अधिकारी, डॉक्टर, सरकारी नोकर आणि थोडे हिंदी गृहस्थ. मुंबईच्या संस्थेत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेला हा डॉक्टर कॅमेऱ्यातही रमलेला होता.

या बैठकांत काय चाले? सदस्य आपापली चित्रे आणत, ती हातोहात फिरत आणि चर्चा होई ती बहुतेक रसायनांची. 1851 मध्ये निघालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण ओतायचे, ते ओले असेपर्यंतच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात धुवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाहता पाहता वाळे. म्हणून दूरच्या प्रवासाला निघणारे कित्येक जण मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह पसंत करीत. कागद आधी तयार करून नेता येई, फक्त काचेइतका बारकावा त्यात उतरत नसे. कोणते पाणी वापरावे, चित्र फिके पडू नये म्हणून काय करावे, हे प्रश्न तेव्हा खरोखर महत्त्वाचे होते. ज्याला जे साधले ते त्याने इतरांना सांगितले नसते, तर ही कला इथे इतक्या लवकर रुजली नसती.

1856 ते 1858 या काळात विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईहून हौशी मंडळींसाठी एक मासिक चित्रसंग्रह काढला. प्रत्येक अंकात तीन छायाचित्रांच्या अस्सल प्रती चिकटवलेल्या असत आणि सोबत मजकूर असे. काही चित्रे स्थळांची, काही इथल्या माणसांची. याच जॉन्सनने 1860 च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यातली पुष्कळ माणसे वेगळ्या ठिकाणी टिपलेली आहेत आणि नंतर निराळ्याच दृश्यावर बसवलेली आहेत. आज हे मोबाइलवर बोटाने करतात, तेव्हा ते हाताने करावे लागे. पण त्या माणसाला तिथे उभे राहायचे होते का, हे विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.

या जुन्या मंडळींविषयी वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. चित्र कसे काढले यावर ती मोकळेपणाने बोलत. काही विषय मात्र त्या टेबलावर येऊच शकत नव्हते. कलकत्त्याच्या संस्थेतली हकीकत याची साक्ष आहे. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र हे त्या संस्थेचे सुरुवातीपासूनचे सदस्य आणि पदाधिकारी. मुफसलातल्या गोऱ्यांनाही स्थानिक फौजदारी न्यायालयांचा कायदा लागू व्हावा, या मागणीसाठी एप्रिल 1857 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली. तिथे मित्रांनी निळीच्या मळेवाल्यांवर कडक टीका केली. त्या भाषणाचा छायाचित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही संस्थेने त्यांना बाहेर काढले. छंदाच्या मंडळात राजकारण नको, असे आजही आपण सहज म्हणतो. त्या दिवशी राजकारण कोणी केले, मित्रांनी की त्यांना घालवणाऱ्यांनी?

दुसरे उदाहरण हिमालयातले. नॉटिंगहॅमच्या बँकेतला कारकून सॅम्युअल बोर्न हा मूळचा हौशी छायाचित्रकार. नोकरी सोडून तो 1863 मध्ये भारतात आला. त्या वर्षीच्या पहिल्या मोहिमेत त्याच्यासोबत सुमारे तीस हमाल होते. 1866 च्या तिसऱ्या मोहिमेत ही संख्या ऐंशीच्या घरात गेली. तंबू, काचा, रसायनांच्या बाटल्या, सारे त्यांच्या पाठीवर. मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर त्याने काढलेली चित्रे आजही अप्रतिम वाटतात. त्या निःशब्द बर्फात कोणी ओझे वाहून आणले असेल, अशी शंकाही येत नाही.

ते हमाल आपल्याला भेटतात बोर्नच्या लेखांत. इंग्लंडमधल्या छायाचित्रकारांच्या नियतकालिकात त्याने या प्रवासांची लांबलचक वर्णने छापली. त्यांत प्रकाशाबद्दल, काचांबद्दल जसे आहे, तसे ओझी टाकून पळालेल्या हमालांबद्दलही आहे, आणि त्यांच्यावर काठी चालवल्याचेही. त्यात पश्चात्ताप नाही, उलट तक्रारीचाच सूर आहे. पण त्या तक्रारीमुळेच आज आपल्याला कळते की ही चित्रे कोणाच्या पाठीवरून खाली आली. चित्राने जे झाकले, ते चित्राभोवतीच्या गप्पांनी नकळत उघडे केले.

म्हणून मला आजच्या आपल्या गप्पांची काळजी वाटते. मीही हौशी मंडळींत फोटो दाखवतो आणि त्यांचे पाहतो. लेन्स कोणती, पहाट किती वाजता, एवढे विचारले जाते आणि मग शाबासकी. बोर्नपाशी वर्षाकाठी शेकड्यांनी निगेटिव्ह होती आणि सोबत पानेच्या पाने मजकूर. आपल्यापाशी हजारो फोटो आहेत आणि मजकूर जवळपास नाहीच. पुढे कोणी स्पितीच्या किंवा सह्याद्रीच्या आपल्या फोटोंवरून या काळाचा इतिहास लिहू लागला, तर गाडी कोणी चालवली, घोडा कोणाचा होता, रात्री कोणाच्या घरी जेवलो, हे त्याला कुठे सापडणार? फोटोखाली दोन ओळी लिहायला फार वेळ लागत नाही. बोर्नने हमालांची नावे लिहिली नाहीत. आपल्याला ती विचारता येतात.