विकतची टाळी

एका हाताने टाळी वाजत नाही, असे आपले वाडवडील सांगत आले. म्हण भांडणाची खरी. पण संगीताला ती अधिक शोभते. एक हात गाणाऱ्याचा, दुसरा ऐकणाऱ्याचा. मात्र हा दुसरा हात भाड्याने आणता येतो, हा शोध मनुष्यजातीला फार लवकर लागला. त्या शोधाची कहाणी जितकी मनोरंजक तितकीच, तिच्या अगदी अलीकडच्या पर्वात, मनाला चटका लावणारी आहे. मी गवई नव्हे. कानसेन मात्र आहे. तेव्हा फराळाचे ताट जवळ ओढून वाचकांनी थोडा वेळ माझ्याबरोबर रोमहून निघावे.

पहिल्या शतकातला रोमन बादशहा नीरो याला गाण्याचे वेड होते. बादशहा गातो म्हटल्यावर टाळ्या पडणारच. पण याला तेवढ्याने समाधान नव्हते. चरित्रकार स्वेटोनियस लिहितो, की अलेक्झांड्रियाच्या लोकांची तालबद्ध टाळी नीरोला इतकी आवडली, की त्याने पाच हजारांहून अधिक धट्टेकट्टे तरुण निवडून त्यांना ती शिकवली. टाळ्यांचे तीन प्रकार होते व त्यांना नावेही होती: गुंजारव, कौले आणि विटा. पोकळ तळव्यांची टाळी वेगळी, सपाट तळव्यांची वेगळी! टोळीच्या नायकांना प्रत्येकी चार लाख सेस्टर्स मिळत, असेही तो नमूद करतो. गाणाऱ्यापेक्षा टाळी वाजवणारा श्रीमंत, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

पुढे अठराशे वर्षांनी पॅरिसने या कलेला धंद्याचे रूप दिले. तेथे 1820 साली नाटकांच्या यशाची हमी देणारी एक कचेरीच निघाली! भाडोत्री प्रेक्षकांच्या टोळीला तेथे 'क्लाक' म्हणत आणि टोळीतल्या माणसांना गमतीने 'रोमन' म्हणत. नीरोची आठवण पॅरिसकरांनी अशी जागी ठेवली होती. टोळीत कामाची वाटणी असे. काहींनी विनोदावर हसावयाचे; बायकांनी रुमाल डोळ्यांना लावून मुसमुसावयाचे; काहींनी शेजाऱ्यांशी गप्पा मारून त्यांना खुशीत ठेवावयाचे; आणि काहींनी 'बिस, बिस' असे ओरडून गाणे पुन्हा म्हणावयास लावावयाचे. 1830 नंतरच्या वर्षांत पॅरिसच्या ऑपेराघरात ऑगस्त लव्हासर नावाचा टोळीप्रमुख होता. तालमीस हजर राहून, संचालक व्हेरॉन यांच्याशी सल्लामसलत करून तो टाळीच्या जागा ठरवी.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. गाणे पुन्हा हवे असले की फ्रेंच माणूस 'बिस' असे लॅटिन ओरडतो. इंग्रज 'आँकोर' असे फ्रेंच ओरडतो. आणि आपला मराठी रसिक 'वन्समोअर' असे इंग्रजी! आनंदाच्या भरात कोणालाच आपली भाषा आठवत नाही. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढे संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळात या वन्समोअरांनी नाटके पहाटेपर्यंत लांबली. पण ती टाळी दिसत होती, ऐकू येत होती. कोण वाजवतो आहे हे मान वळवून पाहता येत होते.

पॅरिसच्या टोळीची एक काळी बाजूही होती. जो गायक पैसे देईल त्याला टाळ्या; जो देणार नाही त्याला शीळ आणि हुर्यो. टाळी विकणारा मनुष्य शेवटी खंडणी मागू लागतो. गुस्ताव्ह माहलर 1897 साली व्हिएन्नाच्या ऑपेराचा संचालक झाला, तेव्हा त्याने ही टोळी हाकलण्याचा चंगच बांधला. तरी ती समूळ गेली नाही. ही खंडणीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

ग्रामोफोन आला, रेडिओ आला, आणि टाळी मुकी झाली. घरात बसून ऐकणाऱ्याची दाद कळावी कशी? ती मोजावी लागली. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने 1940 साली रेकॉर्डांच्या विक्रीवरून क्रमवारी छापण्यास सुरुवात केली. टाळीचा आकडा झाला. आणि आकडा झाला की तो फुगवता येतो. रेडिओवर रेकॉर्ड वाजवणाऱ्या निवेदकांना कंपन्या गुपचूप पैसे चारू लागल्या. या लाचेला 'पेओला' असे नाव पडले. 1959-60 साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने त्याची चौकशी केली. अ‍ॅलन फ्रीड या लोकप्रिय निवेदकाची नोकरी गेली. 1962 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला 300 डॉलर, पण आयुष्य मात्र बसले ते बसलेच. 1965 साली तो वारला. डिक क्लार्क या दुसऱ्या निवेदकाने रेकॉर्डच्या धंद्यातील आपली भागीदारी वेळीच विकून टाकली व तो पुढे कित्येक वर्षे झळकत राहिला. पैसे चारणाऱ्या कंपन्यांचे दुकानही चालूच राहिले. फ्रीड निर्दोष नव्हता. पण एकाच वादळात कोणाची छत्री उडते आणि कोणाचे घर, हे पाहण्यासारखे असते.

आता आपल्याकडे येऊ. 1952 साली माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील सिनेगीतांना कात्री लागली आणि श्रोत्यांनी काटा फिरवून सिलोन गाठले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्यांची पायरी ठरवताना रेकॉर्डांची विक्री आणि श्रोत्यांची मते दोन्ही पाहिली जात. या काळात एका गावाचे नाव देशभर झाले: झुमरी तलैया! अभ्रकाच्या खाणींच्या मुलखातले हे लहानसे गाव. तेव्हा बिहारात होते, आज झारखंडात आहे. तेथून फर्माइशीची पत्रे इतकी येत, की असे गाव खरोखर आहे की कोणी थट्टा चालवली आहे, अशी लोकांना शंका येई. पण गाव खरे होते, माणसे खरी होती. हौस म्हणून, चढाओढ म्हणून, रेडिओवर आपले नाव ऐकण्याच्या आनंदासाठी एकेक गृहस्थ ढीगभर पत्रे टाकी.

माझ्या मते या सबंध इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे गाव पॅरिस नव्हे, झुमरी तलैया. खरे प्रेमसुद्धा दुरून पाहणाऱ्याला बनावट वाटू शकते, हे त्या गावाने दाखवून दिले. एकाच ठिकाणाहून, त्याच त्या माणसांकडून, त्याच त्या गाण्यांसाठी पुन्हा पुन्हा मागणी! आजच्या एखाद्या यंत्राने त्या पत्रांची छाननी केली असती, तर सारे झुमरी तलैया त्याने केराच्या टोपलीत टाकले असते.

तसे यंत्र आज आहे, आणि ते टाकतेही आहे. स्वीडनमधील स्पॉटिफायची सेवा 2008 साली सुरू झाली; तशाच इतरही पुष्कळ निघाल्या. रेकॉर्ड विकत घेण्याऐवजी महिन्याची वर्गणी भरावी व हवे ते ऐकावे. गाणे तीस सेकंद ऐकले की स्पॉटिफायच्या खात्यात एक 'स्ट्रीम', म्हणजे एक श्रवण, जमा होते. जमलेल्या पैशांतला सुमारे दोन-तृतीयांश भाग गाण्याच्या मालकांसाठी ठेवतात व तो श्रवणांच्या प्रमाणात वाटतात. सारे एकाच परातीतून जेवतात, असे समजा. कोणी खोटी पाने मांडली, तर खऱ्या पंगतीतल्या प्रत्येकाचा घास कमी होतो. म्हणून खोट्या श्रवणांवर कंपन्या चिडतात, यात त्यांचे काही चुकत नाही.

चोर खरोखर आहेत आणि ते सामान्य नाहीत. सप्टेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी नॉर्थ कॅरोलिनातील एका इसमावर आरोपपत्र ठेवले. त्यातला हिशेब डोळे दिपवणारा आहे. माणसाचे सोंग घेणारे जे संगणकी आज्ञासंच असतात त्यांना 'बॉट' म्हणतात. अशी 1,040 बनावट खाती; प्रत्येकाने दिवसाला सुमारे 636 गाणी वाजवावयाची; म्हणजे रोजची 6,61,440 श्रवणे! गाणीही कृत्रिम बुद्धीकडून लक्षावधींनी करवून घेतलेली. काही वर्षांत एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम लाटल्याचा हा आरोप होता. यातली मेख अशी, की श्रवणे असंख्य गाण्यांवर थोडी थोडी पसरली, म्हणजे कोणतेही एक गाणे डोळ्यांत भरणार नाही. फ्रान्समधील राष्ट्रीय संगीत केंद्राने 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही हेच दिसले: 2021 साली त्या देशात निदान 100 ते 300 कोटी श्रवणे, म्हणजे शेकडा 1 ते 3, खोटी होती; आणि पकडलेल्यांपैकी बहुतेक नामांकित गाण्यांवर नव्हे, तर यादीच्या तळाशी असलेल्या गाण्यांवर होती.

साहजिकच पहारेकऱ्याचा कंदील तळाकडे वळला. पण तळाशी कोण राहतो? तेथे राहतो स्वतंत्र कलावंत. त्याच्या पाठीशी रेकॉर्ड कंपनी नसते. तो घरी गाणे ध्वनिमुद्रित करतो, वर्षाची फी भरून एखाद्या वितरक कंपनीमार्फत ते साऱ्या सेवांवर चढवतो. 2023 च्या अखेरीस स्पॉटिफायने जाहीर केले, की 2024 पासून एखाद्या गाण्यावर उघड उघड खोटी श्रवणे आढळली तर दर गाण्यामागे वितरकाकडून दंड घेऊ. हेतू चांगला, परिणाम मात्र उतारावरच्या पाण्यासारखा झाला. सेवा वितरकाकडे बोट दाखवते. वितरक दंड कलावंताकडून वसूल करतो व धोका नको म्हणून गाणेच उतरवतो. कलावंताने बोट दाखवावे असे त्याच्या खाली कोणीच नसते.

आणि गुन्हा त्याने केलेलाच असतो असे नाही. बनावट श्रवणे विकणारे लोक 'प्लेलिस्ट', म्हणजे गाण्यांच्या माळा, तयार करतात. आपल्या गिऱ्हाइकाचे गाणे एकटेच वाजले तर संशय येईल. म्हणून तीत भलत्याच, बिचाऱ्या अजाण कलावंतांची गाणी ओवतात. चोराने पळताना गर्दीत मिसळावे आणि पोलिसांनी गर्दीच आत टाकावी, तसे हे होते. कोणी द्वेषाने प्रतिस्पर्ध्याच्या गाण्यावर भाड्याचे बॉट सोडले, तर त्यालाही कोण अडवणार? पॅरिसच्या टोळीला शत्रूला पाडण्यासाठी शीळ घालावी लागे. आता नको इतकी टाळी वाजवली की पुरे!

माझ्या एका स्नेह्याचा मुलगा नोकरी सांभाळून गाणी रचतो. दोन वर्षे खपून केलेले एक गाणे हळूहळू लोकांच्या कानी पडू लागले होते. एके सकाळी वितरकाचे पत्र आले: कृत्रिम श्रवणे आढळली, गाणे काढले आहे, निर्णय अंतिम. कोणत्या दिवशी, कोणत्या गावातून, किती, असे त्याने तीनदा विचारले. तिन्ही वेळा छापील मजकूर परत आला. तो मला म्हणाला, "काका, मी काही केलं असतं तर केलं म्हणून दाखवता आलं असतं. न केलेलं कसं दाखवू?" या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणूनच साऱ्या शहाण्या न्यायपद्धतींनी पुराव्याचा भार आरोप करणाऱ्यावर ठेवला आहे.

खरे आणि खोटे यांची सीमाच कधीकधी किती धूसर असते, याचे एक उदाहरण देतो. 2014 साली मिशिगनमधील व्हल्फपेक या वाद्यवृंदाने दहा 'गाणी' प्रसिद्ध केली. प्रत्येक तीस सेकंदांहून किंचित लांब आणि प्रत्येक संपूर्ण नि:शब्द! चाहत्यांना विनंती केली, की रात्री झोपताना हे लावून ठेवा. मिळालेल्या पैशांतून आम्ही फुकट कार्यक्रमांचा दौरा काढू. सुमारे 20,000 डॉलर मिळाले, मग स्पॉटिफायने तो संच उतरवला. येथे माणसे खरी होती, प्रेम खरे होते, वर्गणी खरी होती. फक्त ऐकणे नव्हते. आता सांगा, ही टाळी विकतची म्हणावी की मनापासूनची? माणसालाही येथे क्षणभर थबकावे लागते. आणि आपण तर हा निवाडा यंत्रावर सोपवला आहे.

यंत्र नको असे मी म्हणत नाही. कोट्यवधी श्रवणे माणसाने एकेक करून तपासावीत, हे शक्य नाही. यंत्राने संशय घ्यावा. शिक्षा मात्र माणसाने द्यावी. पैसे रोखून ठेवा, पण गाणे राहू द्या. आरोप करता त्याचा तपशील दाखवा, त्याचे म्हणणे ऐका, त्याने ती टाळी विकत घेतली होती की त्याच्यावर ती कोणी फेकली, हे पाहा. आणि मग ठरवा. नीरोच्या दरबारात, पॅरिसच्या ऑपेरात, अमेरिकेच्या रेडिओवर विकतच्या टाळीचा लाभ घेणारा नेहमी समोर दिसत असे. ज्याने टाळी घेतलीच नाही त्याला दंड, हे नवल आमच्या काळाचे.

आपण श्रोत्यांनीही एवढे करावे. 'इतक्या रुपयांत इतकी हजार श्रवणे' अशी जाहिरात दिसली, तर घरातल्या उमेदवार गायकाला तिच्यापासून दूर ठेवावे. ते यश नव्हे, गळफास आहे. आणि एखाद्या नव्या मुलाचे गाणे खरोखर आवडले, तर त्याला दोन ओळी लिहून कळवावे, त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढावे, चारचौघांत त्याचे नाव घ्यावे. झुमरी तलैयाच्या लोकांकडे एका पोस्टकार्डापलीकडे काही नव्हते. पण त्यावर त्यांचे नाव होते, गाव होते आणि हस्ताक्षर होते. बॉटाजवळ यांपैकी काहीच नसते.