कुलूप किती उंचीवर होतं?

माझ्या भाच्याची मुलगी मला आत्याआजी म्हणते. २०२१ साली ती स्वीडनमधल्या गोथेनबर्गला शिकायला गेली. तिथल्या विद्यापीठाच्या एचडीके-वालांड या कलासंस्थेत बालसंस्कृतीसाठी डिझाइन असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. भाचा म्हणाला, "खेळणी करायला शिकायला स्वीडनला कशाला?" खरं तर माझ्याही मनात तेच होतं. पण निवृत्त शिक्षिकेने असं बोलून चालत नाही, म्हणून गप्प बसले.

शेवटच्या सहामाहीत एक प्रकल्प करायचा असतो. वस्तू घडवायची, तिच्यामागचा अभ्यास लिहून काढायचा आणि परीक्षकांसमोर उभं राहून आपली बाजू मांडायची. हिने विषय घेतला कपाटाचा. मुलांच्या वस्तू ठेवायचं कपाट! रविवारी फोन आला की तासभर तेच चाले. तिच्या निमित्ताने मीही वाचत गेले.

मुलांसाठी मुद्दाम वस्तू घडवण्याच्या इतिहासात एक ठळक नाव फ्रोबेलचं. जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी १८३७ साली त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. त्याच्या साहित्याला तो 'देणग्या' म्हणे. पहिल्या देणगीत लोकरीचे रंगीत चेंडू, दुसरीत लाकडी गोल, नळकांडं आणि घन, तिसरीत एका घनाचे आठ छोटे घन. डी.एड.ला आम्ही हे सगळं पाठ केलं होतं, पाच गुणांसाठी. एकही देणगी कधी हातात घेतली नव्हती. आणि हे तर कोणी सांगितलंच नव्हतं, की १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेल पुढच्याच वर्षी गेला. बंदी उठली १८६० साली. लाकडी ठोकळ्यांची सरकारला भीती वाटावी, हे वाचून मी चष्मा काढून बसले होते थोडा वेळ.

मुलीचं मन मात्र दुसऱ्याच एका बाईवर जडलं होतं. आल्मा बुशर. वायमारच्या बाउहाउस या गाजलेल्या कलाशाळेत ती शिकत होती. तिथे मुलींना बहुधा विणकामाकडे पाठवत. हिलाही तिथेच घातलं, पण ती तिथून निघून लाकूडकामाकडे गेली. १९२३ मध्ये बाउहाउसने आपल्या कामाचं प्रदर्शन म्हणून एक नमुन्याचं घर बांधलं, हाउस आम होर्न. त्यातली मुलांची खोली बुशरने सजवली. खेळणी ठेवायचं कपाट तिने असं केलं, की खोके सुटे ओढून काढता येत. उलटे केले की बसायला, एकावर एक ठेवले की मुलांना हवं ते, चाकं लावलेला असेल तर गाडी. कपाटाच्या दाराला एक खिडकी कापलेली. दार उघडून मागे बसलं की बाहुल्यांचं नाटक सुरू! एवढी बुद्धीची बाई, पण खेळण्यांचं काम तिथल्या थोरांना फारसं भारदस्त वाटलं नाही. १९४४ मध्ये फ्रांकफुर्टजवळ विमानहल्ल्यात ती मरण पावली.

"आत्याआजी, तुझ्या शाळेत कपाट कसं होतं गं?" असा प्रश्न तिने याच सुमारास विचारला.

मी तिला ताराबाई मोडकांचं सांगितलं. आमच्याकडचा हा इतिहास कमी तोलाचा नाही. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला बालवाडी सुरू केली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेलं. माँटेसरीचं साहित्य महाग, ते गरिबाच्या अंगणात येणार कुठून? म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य झालं. कुलपात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. हे सगळं मी रंगवून सांगितलं. मग खडू-फळा योजनेचं सांगितलं. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ती आली आणि आमच्यासारख्या दोन शिक्षकी शाळांना सरकारने पहिल्यांदाच खोकं भरून वस्तू दिल्या. ठोकळे, प्राण्यांची कोडी, भिंग, चुंबक, दोरीच्या उड्या, ढोलकी.

एक गोष्ट सांगितली नाही.

तिच्या लिखाणाचा मसुदा आला. त्यात माझा उल्लेख होता. माझ्या शाळेतलं कपाट मुलांसाठी उघडं असे, असं तिने लिहिलं होतं. मी तसं म्हटलं नव्हतं, पण तिला तसं वाटू दिलं होतं. प्रकल्प सादर व्हायला तीन आठवडे होते. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी रविवारची वाट न पाहता मीच फोन केला.

खोकं आलं त्या दिवशी मुलं दाराशी गोळा झाली होती. मी प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत लिहिली. फुटली, हरवली तर निर्लेखनाचे कागद, आणि बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यायचा. आधीच्या शाळेत दोन नकाशे कमी भरले म्हणून माझ्या पगारातून पैसे कापले गेले होते. तेव्हा मी खोकं गोदरेजच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. तपासणीला साहेब येणार असले की वस्तू टेबलावर मांडायच्या, मुलांना हाताची घडी घालून बसवायचं, साहेब गेले की परत आत. सहा वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा भिंगावरचा पातळ कागदसुद्धा तसाच होता. सगळे नग बरोबर भरले. मला शाबासकी मिळाली होती... तिसरीतला एक मुलगा होता. साहेबांच्या दिवशी तो चुंबकाकडे बघत असायचा. पुढे तो शाळेतून गळाला, वीटभट्टीवर गेला. चुंबक दिलं असतं म्हणजे तो टिकला असता, असं मी म्हणत नाही. पण त्याच्या हातात ते दिलं नाही, एवढं मला माहीत आहे.

पलीकडे ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, फोन कटला. मग विचारलं, "कुलूप किती उंचीवर होतं?"

"म्हणजे?"

"जमिनीपासून गं. तिसरीतल्या मुलाच्या कुठे येईल?"

तशाच दुसऱ्या एका शाळेत माझी एक विद्यार्थिनी आता शिकवते. तिच्याकडे जाऊन मी टेप लावून मोजलं. तिसरीतल्या एका मुलाला शेजारी उभं केलं. कुलूप बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं. सेंटिमीटरचा आकडा मी कळवला.

प्रकल्प पुरा झाला. लिखाणातलं माझ्याबद्दलचं ते वाक्य तिने काढून टाकलं आणि त्या जागी दीड पान नवं लिहिलं, कुलपाबद्दल. माझं नाव घातलं नाही, मी घाल म्हटलं होतं तरी. कपाटाचे फोटो पाठवले. बर्चच्या लाकडाचं, गुडघ्याएवढं, एका बाजूला दारच नाही.