बक्कल नंबर कशासाठी असतो? घाशीराम कोतवालापासून कलम २१०-ब पर्यंत

आजच्या भागाचा प्रश्न साधा आहे. हेल्मेट नसलेला, मोबाईल कानाला लावून गाडी हाकणारा किंवा सिग्नल तोडून गेलेला माणूस वर्दीत असेल, तर आपण त्याला चारचौघांत विचारायचं का? त्याचा फोटो काढून सगळ्यांना दाखवायचा का?

कल्याण-बदलापूर रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरं ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतात. आपल्या मोबाईलवर ई-चलान येऊन पडतं, आणि त्याच नाक्यावरून 'पोलीस' पाटी लावलेली खाजगी बाईक हेल्मेटशिवाय निघून जाते. मग मनात येतंच, की याचं चलान कोण फाडणार?

हा प्रश्न समजून घ्यायला जरा मागे जाऊया. अगदी पेशवाईपर्यंत.

घाशीराम कोतवाल हे नाव बहुतेकांना १९७२ च्या नाटकामुळे माहीत असतं, पण माणूस खरा होता. घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल, नाना फडणवीसांच्या मर्जीतला. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल त्याला धरायचं, दंड करायचा, कोंडायचं, असा त्याचा अधिकार. लोकांच्या तक्रारी होत्या, पण ऐकायच्या कुणी? ज्याच्याकडे दाद मागायची, त्याच्याच भरवशावर कोतवाल उभा! ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या माणसांनी बाहेरगावच्या तेलंगी ब्राह्मणांना धरून एका कोंदट जागेत कोंडलं आणि त्यातले वीसहून अधिक गुदमरून मेले. मग शहर उसळलं. जमाव नानांच्या दारात बसला, हटेना. शेवटी कोतवालाला जमावाच्या हवाली केलं गेलं आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

आता बघा, यात जबाबदारी निश्चित झाली का? एका माणसाची झाली. कोतवालीची झाली नाही. पुढच्या कोतवालाबद्दल तक्रार कुठे करायची, ती कोण लिहून घेणार, शिक्षा किती, यातलं काही ठरलं नाही. तक्रारीचं दार बंद होतं तोवर लोक गप्प राहिले, आणि दार तुटलं तेव्हा थेट दगड हातात आले. मधली पायरी नव्हतीच.

ती मधली पायरी कशी दिसते? १८२९ साली लंडनमध्ये रॉबर्ट पील यांनी नवी पोलीस यंत्रणा उभी केली. लोकांना भीती होती की हे सरकारचं लष्करच आपल्या गल्लीत येणार. म्हणून शिपायाला निळा अंगरखा दिला, आणि त्याच्या कॉलरवर नंबर घातला. वागणूक वाईट असेल तर नंबर लक्षात ठेवा आणि तक्रार करा. आपल्याकडे हवालदाराचा 'बक्कल नंबर' म्हणतात ना, तो याच कल्पनेचा नातेवाईक. वर्दीवरचा नंबर आणि छातीवरची नावाची पट्टी शोभेसाठी नसते. तुम्ही ती वाचावी म्हणून असते.

पण इंग्रजांनी नंबर इथे आणला, त्यामागचा विचार मात्र तिथेच ठेवला. १८५७ नंतर देशभर जी पोलीस यंत्रणा बांधली, तिचा नमुना लंडनचा कमी आणि आयर्लंडमधल्या दबाव ठेवणाऱ्या दलाचा जास्त. मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे होते, पण घडण तीच. शिपाई उत्तर देणार साहेबाला, रयतेला नाही. लॉर्ड कर्झनच्या काळात १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या आयोगाने पाहणी केली. सरकारच्याच आयोगाने पोलीस अकार्यक्षम, भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं लिहून ठेवलं. स्वातंत्र्यानंतर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, ज्याला आज आपण महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो. राज्य बदललं, पण उत्तर वरच्याला द्यायची सवय टिकली.

म्हणूनच २०१९ ची एक छोटी दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. मोटार वाहन कायद्यात तेव्हा कलम २१०-ब आलं. ते सांगतं की ज्यांच्याकडे हा कायदा राबवायचा अधिकार आहे, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. हेल्मेट नसल्याचा कायद्यातला मूळ आकडा १,००० रुपये, म्हणजे पोलिसाला २,०००. कायदा लागू झाला त्याच सप्टेंबरमध्ये दिल्ली वाहतूक पोलिसांनी परिपत्रक काढून आपल्याच लोकांना हे बजावलं. अपवाद आहेत, पण मोजके. सायरन आणि दिवा लावून तातडीच्या कामावर निघालेल्या गाडीला सिग्नल ओलांडता येतो, तोही काळजी घेऊन. घरून ड्युटीला निघालेल्या बाईकला ही सवलत नाही.

मग हे कलम वापरणार कोण? सहकाऱ्याला अडवून दुप्पट पावती फाडायची, हे हवालदाराला सोपं नाही. वरिष्ठाला अडवणं तर विसराच. म्हणजे या कलमाला पाय फुटतात ते नागरिकाच्या नजरेमुळेच. एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत पूर्व द्रुतगती मार्गावर हेल्मेटशिवाय स्कूटरवर जाणाऱ्या दोन महिला पोलिसांचा फोटो एकाने ट्विटरवर टाकला. वाहतूक पोलिसांनी ठिकाण विचारलं आणि तक्रार माटुंगा विभागाकडे पाठवली. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. गाडी, नंबर, जागा, वेळ, एवढं पुरलं.

चित्रीकरणाबद्दल भीती असते, तीही थोडी सैल करूया. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की पोलीस ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही, त्यामुळे तिथे चित्रीकरण केलं म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. ठाण्याच्या आत ही स्थिती, तर भर रस्त्याचं काय!

आता दुसरी बाजू. ती ऐकल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही.

ऑगस्ट २०१६. मुंबईत खारच्या पेट्रोल पंपाजवळ वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाला थांबवलं. त्यावरून त्यांच्या डोक्यात बांबू घातला गेला आणि काही दिवसांनी ते गेले. नियम पाळायला सांगणं एवढाच त्यांचा गुन्हा. नाक्यावरचा हवालदार ही सगळ्यात सहज हाताला लागणारी सत्ता असते. वरच्यांवरचा सगळा राग त्याच्यावर निघतो. त्याच २०१६ साली मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. आठ तास हा 'प्रयोग' ठरावा, यावरूनच त्याआधीची ड्युटी किती लांब असेल ते ओळखा. म्हणून रेष स्पष्ट हवी. विचारणं वेगळं, वाट अडवणं वेगळं. किल्ली काढणं, कॉलर धरणं, घोळका जमवणं, घरापर्यंत पाठलाग करणं ही जबाबदारी मागणं नव्हे. सरकारी नोकरावर कामात हल्ला झाला तर पूर्वी ३५३ लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं १३२ लागतं, आणि ते लागायलाच हवं.

पण नुसतं 'लोकांनी संयम ठेवावा' म्हणूनही भागत नाही. बदलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि रेल्वे बंद पडली. पोलीस अधिकाऱ्यांचं निलंबन झालं ते त्यानंतर. हेल्मेटची आणि त्या प्रकरणाची तुलना होऊच शकत नाही. पण १७९१ चं पुणं आणि २०२४ चं बदलापूर एक गोष्ट सारखीच सांगतात. तक्रार वेळेवर कुणी लिहून घेत नाही, तेव्हा ती रस्त्यावर येते.

त्यामुळे माझं उत्तर असं. हो, विचारायचं, आणि उघडपणे विचारायचं. पण चेहऱ्यावर कॅमेरा रोखून शिव्या देण्यापेक्षा गाडीचा नंबर, जागा आणि वेळ दिसेल असा फोटो काढा आणि तो वाहतूक शाखेकडे पाठवा. तुमचं स्वतःचं हेल्मेट डोक्यावर ठेवा, म्हणजे बोलायला जागा राहते. आणि तिथेच थांबू नका. 'तक्रार पुढे पाठवली' हे उत्तर म्हणजे कारवाई नव्हे. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. दहा रुपयांच्या अर्जात विचारा, की गेल्या वर्षभरात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात कलम २१०-ब खाली किती दंड झाले?

हा आकडा दर महिन्याला पोलीस ठाण्याच्या फलकावर लागला, तर फोटो व्हायरल करायची गरजच कमी होईल. आणि प्रामाणिकपणे हेल्मेट घालून नाक्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला 'आधी तुमच्या लोकांना पकडा' हे रोजचं बोलणं ऐकावं लागणार नाही. त्याचा फायदा आपल्याइतकाच आहे.

तुमच्या भागातून कुणी असा अर्ज केला, तर काय उत्तर आलं ते आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.